कच्चं गाजर

मरळ पिशवीत जिवंत होती,
लक्ष्मीपुरीपासून घरापर्यंत
माझ्या गुडघ्यावर शेपूट आपटत आली.
हौसाक्का म्हणालेली, काळम्मावाडीची हाय,
चिखलाचा वास न्हाई बघ.
म्हटलं, वासाचं काय घेऊन बसलीस,
आमच्यात वास येतोय कुणाला.

उद्यमनगरात एकतीस वर्षं भट्टीपुढं
ह्यांनी लोखंड ओतलं.
आधी भुवया गेल्या, मग उजवा कान,
आणि परवाच्या दिवाळीआधी
चार दिवसांच्या तापात नाक गेलं.
नाक गेलं म्हटलं की लोक भलतंच समजतात,
म्हणून गल्लीत कुणाला सांगितलं नाही.

तांबडा केला, पांढरा केला,
तीळ-खोबरं काळपट होईस्तोवर भाजलं.
फोडणीच्या ठसक्यानं शेजारचे तिवडे खिडक्या लावून घ्यायचे
आणि हे आपले
पाण्यात भाकरी बुडवल्यासारखे जेवायचे.
चांगलं झालंय, म्हणायचे.
मीठ घालायचं राहिलं त्या दिवशीसुद्धा
चांगलं झालंय.
ज्या माणसानं कोथिंबिरीच्या एका देठावरनं
ताटावर अबोला धरलेला,
त्याचं हे चांगलं झालंय
रात्री माझ्या उशाशी येऊन बसायचं.

सीपीआरमधल्या फिलोमिना सिस्टर, वेंगुर्ल्याकडच्या,
माझ्या पायाची पट्टी बदलताना म्हणाल्या,
नाक नाही तर नाही, जीभ आहे ना मावशी?
आंबट द्या त्यांना. दातांना काम द्या.
मासा तळायचा, व्हिनेगारात भाज्या उकळून वर ओतायच्या,
आणि मग हात लावायचा नाही.
कधीपर्यंत?
दुसऱ्या दिवसापर्यंत.

आमच्या गावात दुसऱ्या दिवसापर्यंत
मटणाचा हाडूकसुद्धा थांबत नाही.

व्हिनेगार विकत नाही आणलं.
वडणग्याच्या गुऱ्हाळातनं शिदूभावानं
गेल्या हंगामात दिलेला रस
फळीमागच्या बरणीत राहून गेलेला.
फडकं सोडलं तर वर जाड साय,
खाली चहाच्या रंगाचं काहीतरी.
बोट बुडवून चाटलं
आणि डावा डोळा आपोआप मिटला.

मरळ राखेनं घासली, तरी हातातनं दोनदा निसटली.
हळद, मीठ, कडकडीत तेल.
त्याच तेलात उभा कांदा, आख्ख्या लसूणपाकळ्या, आल्याच्या काड्या,
जवारी गाजर, हिरवी ढबू मिरची.
हात सवयीनं कांदा-लसूण चटणीच्या डब्याकडं निघाला,
त्याला अर्ध्या वाटेतनं माघारी बोलावलं.
गुळाचा सुपारीएवढा खडा.
मग बरणी वाकडी केली.
असा वाफारा आला की
खिडकीतली चिमणी उडाली,
माझ्या डोळ्यांना धार लागली.
बाहेर पलंगावर ते पेपर वाचत होते.
वाचतच राहिले.

रात्री ताट उचलून दोनदा बघितलं.
फोडी बुडून गप्प,
वर तेलाचे लहान लहान डोळे.

दुपारी थंड मासा वाढताना
चोरी केल्यासारखं वाटलं.
शेगडीकडं तोंड करून भाकरी थापत बसले.
मागनं आवाज आला,
कुर्रर्र.
मग काही नाही.
मग परत कुर्रर्र.
वळून बघितलं तर डावा कान किंचित कलता करून
स्वतःचंच चावणं ऐकत होते.

"गाजर कच्चं ठेवलंयस," म्हणाले.
"आणि गूळ कमी पडलाय की.
एवढी वर्षं झाली, अजून अंदाज येत नाही तुला?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.
करपली ती.
त्यांना कळलं नाही,
मला कळलं,
आणि मी तशीच बसले.